एक्केचाळीस नांग्या

आमच्या भावकीत उसाचं बेणं, म्हणजे लागणीची कांडी, विकत नाहीत. ज्याच्या रानात चांगला ऊस उभा असेल त्याच्याकडे नारळ घेऊन जायचं, तो बांधावर फोडायचा आणि लागेल तेवढं बेणं तोडून न्यायचं. नाही म्हणायची रीत नाही. चांगला ऊस जसा या वाटेने घरोघर गेला तसे उसाचे रोगही गेले. आमचा ऊस वर्षागणिक का बारीक होत चालला आहे याचं हे कारण पहिल्यांदा बोलून दाखवलं ते माझ्या वहिनीनं.

भाऊ फौजेत असल्यामुळे शेती तीच बघते. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. मी पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजतो आणि रविवारी तिच्या हाताखाली राबतो. तिनं ठरवलं की अर्ध्या एकरात ऊतिसंवर्धित रोपांचा बेणेमळा करायचा आणि भावकीतल्या अकरा घरांना निरोगी बेणं द्यायचं. अकरा घरांनी तिच्या भरवशावर बाहेरचं बेणं बघायचं सोडून दिलं. म्हणजे तिचं चुकलं तर अकरा रानं चुकणार होती.

रोपं सांगायला आम्ही दोघं सांगलीकडच्या एका प्रयोगशाळेत गेलो. चपला बाहेर काढून, हात धुऊन काचेपाशी उभे राहिलो. बाटल्यांत पारदर्शक खिरीसारखं काहीतरी होतं आणि त्यात हिरवे कोंब. उसाच्या शेंड्यातला मोहरीएवढा कोंब काढून त्यापासून हजारो रोपं करतात, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी विचारलं, "मग हजारांवर का थांबता? लाखो करा की."

"करता येतात. पण ठरावीक फेऱ्या झाल्या की ती बाटली आम्ही बंद करतो. फार ताणलं तर रोप मूळ जातीसारखंच निघेल याची खात्री देता येत नाही."

त्यांनी वही दाखवली. प्रत्येक बाटलीला नंबर, मूळचा कोंब उसाच्या कोणत्या बेटातला, कितवी फेरी, रोगाची तपासणी कधी झाली, सगळं होतं. खाडाखोड एक ओळ मारून, शेजारी सही करून केलेली. आमच्या खात्यात अशी वही मी पाहिलेली नाही. मला ती जागा फार आवडली.

वहिनीनं एकच विचारलं. "रानात गेल्यावर रोग लागू शकतो का?"

"लागू शकतो. आम्ही रोप स्वच्छ देतो. पुढं ते तुम्ही कशाच्या शेजारी लावता त्यावर आहे."

श्रावणात रोपांची लागण केली. छत्तीस सऱ्या, सरीला साठ रोपं, एकूण दोन हजार एकशे साठ. पंधरा दिवसांनी मी मोजली तेव्हा एक्केचाळीस मेली होती. रोप मेल्यावर सरीत जी रिकामी जागा राहते तिला आमच्याकडे नांगी म्हणतात. वहिनी आठ दिवस माहेरी निघाली होती. जाताना म्हणाली, "भाऊजी, नांग्या तशाच ऱ्हाऊ द्या. त्यांच्याकडनं रोपं आली की भरू. न्हाई आली तर मोकळ्या ऱ्हातील."

तिच्या माहेरी ज्वारीच्या रानात मोकळी जागा दिसली तर कोणी काही म्हणत नाही. पाऊसच नाही म्हटल्यावर कोण काय म्हणणार? कृष्णाकाठी तसं नाही. इथं पाणी असून नांगी दिसली म्हणजे मालक आळशी. आणि आमच्या पहिल्या तीन सऱ्या नेमक्या रस्त्याकडेला.

थोरले काका, म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, सायकल थांबवून म्हणाले, "काय रं मोजणीदार, हे रान हाय का दात पडलेलं म्हातारं? परयोगशाळेचा ऊस म्हणं! लय ऐकलं हुतं गड्या."

मी हसलो, पण ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच खोडव्यातून, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या जुन्या उसातून, एक-एक डोळ्याची कांडी तोडली आणि एक्केचाळीस नांग्या भरून टाकल्या. जात तीच, माती तीच, असं मनाशी म्हटलं. सवयीप्रमाणे कोणत्या सरीत कितव्या जागी, हे डायरीत लिहून ठेवलं.

वहिनी आली, रान बघून खूश झाली. "रोपं आली व्हय?"

"भरलं सगळं," मी म्हणालो. हे उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ती महिन्यातून दोनदा प्रत्येक सरीतून चालायची. मार्गशीर्षात एका रविवारी तिनं मला हाक मारली. तिच्यासमोरचं बेट उसाचं वाटत नव्हतं. बारीक, पांढुरक्या फुटव्यांचा नुसता झुबका.

"भाऊजी, ह्यो ऊस न्हाई, गवत झालंय ह्याचं. स्वच्छ रोपाला चार म्हैन्यांत ह्यो रोग आला कुठनं?"

मी घरी जाऊन डायरी आणली. पान उघडून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं. तिनं बोट ठेवत ठेवत सगळे आकडे वाचले. मी शिव्यांची वाट बघत होतो. ती म्हणाली, "लिवून ठिवलंय हे बरं केलं. चला, दावा एकेक."

एक्केचाळीसपैकी नऊ बेटं बिघडली होती. आम्ही एक्केचाळीसही मुळासकट उपटून जाळली. पण तिचं समाधान होईना. शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या बेटांची वीस पानं नंबर घालून तिनं तपासायला पाठवली. दोन पानांत रोग निघाला. त्या बेटांवर डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. मी स्वतः दोनदा जाऊन बघितलं.

मी हिशेब मांडला. त्या एक्केचाळीस जागांच्या चहूबाजूंची बेटं उपटली तरी एकोणीसशेच्या वर बेटं राहत होती. पुन्हा तपासून बेणं देता आलं असतं. प्रयोगशाळेच्या बाईही म्हणाल्या की तपासणी करा आणि मग ठरवा. वहिनी म्हणाली, "वीस पानं बघितली तर दोन निघाली. सगळी कोण बघणार? आन् त्यातनं एक सुटलं तर ते अकरा रानांत जाणार. माझ्या अंदाजावर मी कुणाचं रान लावणार न्हाई."

मग ती मला घेऊन थोरल्या काकांकडे गेली. भावकीत त्यांना कळलं की सगळ्यांना कळतं.

"या सूनबाई. नारळ आणून ठिवलाय मी आधीच."

"मामंजी, नारळ घरात वापरा. औंदा बेणं न्हाई."

काकांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. "आवं, ह्या घरात बेण्याला न्हाई म्हणल्यालं कवा ऐकलंय का कुणी?"

"मी म्हणतीया. बेण्यात रोग आलाय. समदा ऊस कारखान्याला जाणार."

"आन् आमी काय लावायचं? तुझ्या शब्दावर बसलूय नव्हं?"

"माझ्या शब्दावर बसलाय म्हणूनच देत न्हाई."

रोग कसा आला हे ती बोललीच नाही. तिला बोलायचंही नव्हतं. मीच म्हणालो, "काका, नांग्या मी भरल्या. खोडव्यातलं कांडं लावलं. तुम्ही दात पडलेलं म्हातारं म्हणालात, त्याची लाज वाटली."

"म्हंजे माझ्या जिभंनं रान खाल्लं म्हणायचं," असं म्हणून काका उठून आत गेले. त्या पाडव्याला ते आमच्याकडे आले नाहीत. अकरा घरांनी मिळेल तिथून बेणं आणलं आणि वर्षभर वहिनीला येता-जाता बोल लावले.

पुढच्या श्रावणात तिनं पुन्हा रोपं आणली. अठ्ठावीस नांग्या पडल्या. तिनं प्रत्येक नांगीत काठी रोवली आणि जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. रस्त्याकडेच्या सऱ्यांत तर उठून दिसत होती. लोक म्हणाले, बाईनं बुजगावण्यांची लागण केलीय. ती म्हणायची, "बघू द्या की. मोकळी जागा मोकळी हाय, हे कळाय पायजे." त्या मळ्याची पानं दोनदा तपासली, दोन्ही वेळा स्वच्छ निघाली. गेल्या वर्षी अकराही घरांनी बांधावर नारळ फोडले. पहिला काकांचा होता.

परवा काकांनी मला आणि वहिनीला त्यांच्या रानात बोलावलं. लाल चिंध्यांच्या काठ्या तिथंही होत्या. मला म्हणाले, "मोज रं मोजणीदार."

मी मोजल्या. काठ्या अठरा होत्या. एकोणिसाव्या जागी नुसता ताजा खड्डा होता.

"ही माझ्या धाकट्या भावानं भरली हुती. खोडव्यातलं कांडं. मी उपसलं सकाळी." मग वहिनीकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, मूळ समदं निघालंय का बघ बरं."

वहिनी खाली बसली आणि हातानं माती उकरून बघायला लागली.