बाबांच्या कॅमेऱ्यातला रोल

कसबा पेठेतल्या रंगनाथकाकांच्या फोटो स्टुडिओत मंदाकिनी साळवे यांनी बावीस वर्षं काम केलं. नवऱ्याची कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा काकांनी त्यांना डार्करूममध्ये उभं केलं आणि फिल्म धुण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंत सगळं हाताला धरून शिकवलं. २००६ साली डिजिटलपुढे स्टुडिओ टिकेना. शेवटच्या दिवशी काकांनी प्रिंट काढायच्या एन्लार्जरकडे बोट दाखवलं. “मंदाताई, हा घरी न्या. भंगारवाला नुसतं वजन करील.”

मंदाताई मग एका डिजिटल लॅबच्या काउंटरवर बसू लागल्या. चार वर्षांनी तिथे हिंजवडीत नोकरी करणारी आम्रपाली आली. हातात वडिलांचा जुना कॅमेरा.

“बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आत रोल तसाच राहिलाय.”

“ब्लॅक अँड व्हाइट आम्ही धूत नाही,” मालक वर न बघता म्हणाले.

“मी धुते,” मंदाताई बोलून गेल्या. “पण फिल्म जुनी आहे. काहीच आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.”

रविवारी दुपारी त्यांनी बाथरूमच्या खिडकीला चादरी ठोकल्या. मिट्ट अंधारात आधी टोकाचा एक तुकडा कापला आणि धुऊन उजेडात पाहिला. काळपट, पण काहीतरी उमटत होतं. मग धीर करून बाकीची फिल्म धुतली. छत्तीसपैकी नऊ फोटो वाचले. बहुतेकांत आम्रपालीची आईच होती, मांजरी गावातल्या उसाच्या शेताच्या कडेला. फिल्म वाळल्यावर संध्याकाळी आम्रपालीला बोलावून काकांच्या एन्लार्जरवर प्रिंट काढायला घेतल्या. लाल दिव्याखाली शेवटचा कागद औषधात बुडवला, तेव्हा एक तिरका फोटो हळूहळू वर आला. आम्रपालीचे बाबा, भीमराव, हसत कॅमेऱ्याकडे हात पुढे करत होते. डोक्याचा वरचा भाग कापलेला.

“हा मी काढलाय, मावशी!” शेजारी उभी आम्रपाली एकदम म्हणाली. “मी दहा वर्षांची होते. ते ओरडत होते, हलवू नकोस, हलवू नकोस!”

मंदाताईंनी तिला जवळ घेतलं. आपल्या हातांत हे अजून आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. काकांची आठवण येऊन त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

पुढच्या रविवारी आम्रपाली ऑफिसातल्या तिघांना हे काम शिकायला घेऊन आली. मंदाताईंनी प्रत्येकाला एकेक वाया गेलेली फिल्म दिली आणि अंधारात करावं लागतं तसं डोळे मिटून धुवायच्या रिळावर चढवायला लावली. अर्ध्या तासात सगळे घामाघूम झाले, पण एकाचीही फिल्म नीट चढेना.

“कंपनीत तुम्हाला पगार कशाचा देतात?” मंदाताईंनी हसत विचारलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.