नको तर नको

"टेप लावू?" असं विचारून काकू टेप हातातच धरून थांबायच्या. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला तळमजल्यावर त्यांचा एवढासा गाळा होता. तीस वर्षं ब्लाऊज शिवत होत्या, पण प्रत्येकीला, प्रत्येक वेळी विचारणार म्हणजे विचारणार. सणाच्या गर्दीत बायका वैतागायच्या. "अहो काकू, माप द्यायलाच आलोय ना!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "अंग तुझं आहे. नको तर नको, मापाचा ब्लाऊज आण."

मापाचा ब्लाऊज म्हणजे आपला जुना, नीट बसणारा. तुम्हीही दिला असेल. माझे जुने मला होईनात, म्हणून मी मात्र आईचा दिला, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात गोणपाट घातल्यासारखी वावरले. वर काकूंशीच भांडायला गेले! मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ.

"वाट लावलीत माझ्या साडीची."

काकूंनी ब्लाऊज उलटसुलट करून पाहिला. "दिलंस त्याच मापाचा आहे. पण ते माप तुझं नव्हतं गं. टेप लावू?"

"नको!" मी दोन पावलं मागेच सरले.

त्यांनी टेप मशीनवर ठेवून दिली. का, कशाला, काही नाही. म्हणाल्या, "चहा घेतेस?"

माझ्या नकोवर कोणी असं थांबेल, हे मला खरंच वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्याच एका माणसाने माझ्यावर बळजबरी केली होती. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चहा निवून गेला आणि मी सगळं बोलले. शेवटी, रोज स्वतःला ऐकवायचे तेही बोलले, "मूर्ख मी. गेलेच कशाला? ओरडले का नाही?"

काकू तेवढ्या एकदाच चिडलेल्या पाहिल्या. "बहिणीवर असा प्रसंग आला असता तर तिला हे बोलली असतीस?"

"तिला कशाला बोलेन?"

"मग हिला का बोलतेस?" त्यांनी आरशाकडे बोट केलं. "भीतीने आवाज फुटला नाही, हा काय तुझा गुन्हा? गुन्हा त्याचा." मग नाक पुसत म्हणाल्या, "मला शिवण कळतं. यातलं कळणारी बाई गाठ. ताप आल्यावर जातेसच ना डॉक्टरकडे?"

गेले. वर्षभर दर शनिवारी ठाण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेले. सोपं नव्हतं हो. वाईट दिवशी स्वतःचा उद्धार सुरू झाला की मध्येच थांबायचे. बहिणीला बोलले असते का हे? नाही. तिला आल्याचा चहा दिला असता. मग उठून माझ्यासाठी चहा टाकायचे.

माप द्यायला आठ महिने लागले.

"खांदा?" "हो."

"दंड?" "हो."

"छाती?" "नको."

"बरं. अंदाजाने ठेवते."

तो ब्लाऊज थोडा सैलच झाला. मी तो तीन लग्नांत मिरवला.

मागच्या वर्षी काकू गेल्या. त्यांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. फार आठवण येते.

परवा डोंबिवलीत नवीन टेलरबाईकडे गेले. तिने बोलता बोलता टेप थेट माझ्या छातीभोवती टाकायला घेतली. मी हात आडवा केला.

"आधी विचारा."

"मॅडम, माप तर घ्यावंच लागेल ना?"

"घ्या की. पण आधी विचारा."

ती गोंधळली, थांबली. "लावू?"

"नको," मी म्हणाले.

तिने टेप खाली ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी हसले, ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "हां, आता लावा."