आबांचं आवतण

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, देवणीकडची गावं ओस पडतात. जो तो आपल्या शेतात, कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या कोपीपुढं मिसळीच्या भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन बसलेला. बांधावरून अनोळखी माणूस जाताना दिसला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ही रीत. मी बिलोलीहून दर वर्षी माहेरी जाते ती निम्मी त्या भज्जीसाठीच.

त्या वर्षी मात्र घास गोड लागेना. आबा, माझे वडील, शेतात एकटेच राहायचे. जेवणं आटोपली की थोरला भाऊ त्यांना लातूरला नेणार होता, कायमचं. त्यांची पिशवी गाडीत ठेवूनही झाली होती. शेतावरून बैलगाडीएवढं पंख्यांचं यंत्र जातं, असं आबा गावभर सांगत होते. शिवाय ते त्याला हात करतात, हाका मारतात, हे शेजाऱ्यानं भावाच्या कानावर घातलं होतं. आबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं भाऊ धरूनच चालला होता. लग्नात शूटिंग करणारे ड्रोन त्यानं पाहिले होते; ते केवढेसे असतात, हे तो मला हातानं दाखवत होता. मलाही आबांची खात्री वाटेना, आणि त्याचंच फार वाईट वाटत होतं.

ऊन कललं तशी घरघर ऐकू आली. आधी वाटलं, ट्रॅक्टर. मग तुरीच्या वरून ते आलं. पांढरं, लांब पंखांचं, चार पंखे गरगरणारं, आत माणूस नाही. बैलगाडीएवढं म्हणजे बैलगाडीएवढंच. गाय दाव्याला हिसके देऊ लागली. ते आमच्या डोक्यावर येऊन थांबलं. कुणाचं, कशासाठी, हे आजवर कळलेलं नाही.

आम्ही सगळे आ वासून वर बघत होतो. आबा तेवढे भावाच्या तोंडाकडं बघत होते.

"यंत्र जेवत न्हाई, हे मला बी कळतंय," ते म्हणाले. "पर चालवणारा कुठंतरी उपाशी बसला असंल की. येळवशीचं त्याला बोलवायचं न्हाई का?"

भाऊ गाडीपाशी गेला, पिशवी काढली आणि कोपीत नेऊन ठेवली. तोवर यंत्र वळून निघालं होतं. आबांनी हाक मारली, पण घरघरीत त्यांचा आवाज पुरेना.

"तू मार," ते भावाला म्हणाले. "तुझा आवाज मोठा हाय."

लातूरच्या कचेरीत साहेब असलेला माझा भाऊ बांधावर चढला, आणि दोन्ही हात वर करून आभाळाकडं ओरडला, "या, जेवायला या!"