उजव्या कोपऱ्यातला दुसरा माणूस

"सर, मी गावाले जाऊन राहिलो," तुळशीराम म्हणाला.

तो जिमखान्याच्या दारात उभा होता. हातात कापडी पिशवी आणि पायांत चपला. सरावाला तो नेहमी अनवाणी येत असे. त्यामुळे चपला दिसल्या तेव्हाच मला अंदाज आला होता.

"परत कधी?"

"दहा रोज तरी लागतीन. चुरण्यासाठी बैलाची पाळी आली आमची."

त्याचे गाव एकोडी. कापलेल्या धानाचे मोठे ढीग, म्हणजे पुंजणे, शेतात रचलेले असत. पुढे ते धान खळ्यावर पसरून त्यावरून बैल फिरवायचे, म्हणजे दाणे मोकळे होत. हा चुरणा. त्यासाठी चार घरे आपापले बैल एकत्र करीत आणि पाळीपाळीने एकेकाचे खळे उरकीत. पाळी चुकली की पुंजणे उघड्यावर पडून राहणार. अशा वेळी त्याला थांबवणे मला शोभले नसते.

"पुढच्या रविवारी झोनची मॅच आहे," एवढेच मी म्हणालो.

"मले माहीत हाय सर. म्हनूनच सांगाले आलो. नाहीतर सिधा मोटारीत बसलो असतो."

तो गेला. मी टेबलावरचा कागद पुढे ओढला. कागदावर सात वर्तुळे काढलेली होती. उजवीकडच्या शेवटच्या वर्तुळातले तुळशीरामचे नाव खोडले आणि तिथे राखीव खेळाडू बुधरामचे लिहिले. माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्न सुटला होता.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षे. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर होतो. मुले पीटी सर म्हणत. मैदानापेक्षा मी वाचनालयात जास्त दिसतो, अशी स्टाफरूममध्ये चेष्टा चाले आणि ती खरी होती. कबड्डी मी खेळून शिकलो तेवढीच पुस्तकांतूनही शिकलो. झोन म्हणजे विद्यापीठाने शेजारशेजारच्या कॉलेजांचा केलेला गट. त्या गटात पहिला येणारा संघ पुढच्या फेरीसाठी नागपूरला जाई. आम्ही तीन वर्षे दुसरे येत होतो.

त्या वर्षी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितले होते.

"लांजेवार, सायकली वाढल्यात. व्हरांड्यात लावतात. तुमचे कबड्डीचे मैदान गेटजवळ आहे. सायकल स्टँडला तीच जागा सोयीची."

"मग आम्ही खेळायचे कुठे, सर?"

"जिंकत असाल तर तिथेच खेळा. या वर्षी झोन आला नाही, तर जानेवारीत पत्रे ठोकू."

"झोन येईल, सर."

हे मी उगाच बोललो नव्हतो. आमच्याकडे प्रकाश होता. तो भंडाऱ्यातल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा आणि त्या झोनमधला सर्वांत चपळ रेडर. रेडर म्हणजे 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात चढाई करणारा. तो एकटाच जातो आणि शिवून परत येतो. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. उरलेल्यांचे काम म्हणजे समोरचा रेडर आला की त्याला धरणे. आमच्या वेळी धरणारे एकमेकांचे हात धरून साखळी करीत. साखळीच्या दोन टोकांना दोन कोपरे असतात. रेडरचा पाय सर्वांत आधी कोपऱ्यातल्या माणसाच्या आवाक्यात येतो, म्हणून घोटा त्याने धरायचा. त्याच्या शेजारचा तो 'इन'. कोपऱ्याने घोटा धरला की त्याच क्षणी इनने रेडरच्या अंगावर जायचे. अर्धा क्षण उशीर झाला तर रेडर कोपऱ्याला फरफटत नेऊन रेषेला हात लावतो.

सात जण मैदानात असतात आणि पाच राखीव. माझ्या पाच राखिवांत तीन रेडर होते. कॉलेजात नाव द्यायला येणारा प्रत्येक मुलगा रेडर व्हायलाच येई. धरणाऱ्यांसाठी राखीव दोनच. त्यांतला एक बुधराम आणि दुसरा महिनाभर तापाने घरी. शिवाय माझे सगळे रेडर भंडाऱ्यातले होते आणि सगळे धरणारे खेड्यांतले. धानाची कामे निघाली की माझी साखळी एका टोकाने विरू लागे. तीन वर्षे हेच घडत होते. दर वर्षी मला ती त्या वर्षापुरती अडचण वाटे.

झोनच्या आधीच्या रविवारी आम्ही शहापूरला गेलो. हायवेलगतच्या मैदानावर तिथल्या मंडळाशी सरावाची मॅच ठेवली होती. शहापूरचे खेळाडू वयाने मोठे आणि अंगाने भक्कम होते, पण त्यांना आम्ही नेहमी हरवत असू. त्या दिवशी अठरा गुणांनी हरलो.

सगळे गुण उजव्या कोपऱ्यातून गेले. त्यांचा रेडर यायचा, बुधराम घोट्यावर झेपावायचा, घोटा हातात यायचाही, पण इनला उभा असलेला नामदेव जागीच असे. तो हलायचा तोवर रेडर बुधरामला ओढत रेषेवर पोचलेला असे. तिसऱ्या वेळी नामदेव आधी धावला आणि बुधराम मागे राहिला. दोघे एकमेकांवर आपटले. बघणारे पोट धरून हसले.

सोमवारी सरावाआधी मी बुधरामला बाजूला घेतले. तो तुमसर तालुक्यातल्या आंबागडचा. घरची थोडी शेती आणि एरवी जंगलात बांबूतोडीचे काम. बोलणे फार कमी.

"बुधराम, काल नामदेवचा हात का सोडत होतास?"

"कधी धरलाच नाही सर. सोडू कायचा?"

"म्हणजे?"

त्याने नोटीस बोर्डाकडे बोट केले. बोर्डावर माझ्याच अक्षरात दोन याद्या होत्या. एकीवर 'मुख्य संघ' लिहिले होते आणि दुसरीवर 'राखीव'.

"आमच्या आंबागडले राखीव जंगल हाय. तिथं पाटी लावली हाय, कोनी हात लावाचा नाही. आमी तसेच. दोन वर्षं झाली, कोनी हात नाही लावला."

बाकीचे हसले. मला हसू आले नाही. तो अगदी नेमके बोलला होता. सरावात मी मुख्य सात एका बाजूला उभे करी आणि राखीव समोर. मुख्य खेळाडूंना सराव मिळावा म्हणून राखीव. दोन वर्षे बुधराम रोज मैदानात उतरत होता, पण आमच्या साखळीत एकदाही उभा राहिला नव्हता. तुळशीराम आणि नामदेव यांची एक खूण ठरलेली होती. झेपावण्याआधी तुळशीराम नामदेवचा पंजा दाबायचा, की दोघे एकदम निघत. ही खूण बुधरामला माहीत नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती. नामदेवला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मले वाटलं तुमी सांगतलं असन तेले."

माझ्या कागदावर वर्तुळातले नाव बदलले होते. दोन वर्तुळांमध्ये एक हात असतो, तो मी काढलाच नव्हता.

बुधराम गेल्या महिन्यात वारला. नामदेवचा फोन आला, मी आंबागडला जाऊन आलो. त्याच्या मुलीने विचारले, "सर, बाबा कॉलेजात काय खेळत होते?" मी कबड्डी एवढेच म्हणालो. घरी आल्यावर वाटले, उत्तर अर्धे राहिले. म्हणून हे लिहितो आहे. चार ओळी लिहितो, उठतो, पुन्हा बसतो. घाई नाही.

तर सोमवार. हातात पाच दिवस होते, कारण शनिवारी दुपारी झोनच्या मॅचसाठी गोंदियाला निघायचे होते. गोंदिया तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. मी बोर्डावरच्या दोन्ही याद्या काढल्या आणि बारा नावांची एकच यादी लावली. प्रकाशला समोर पाठवले आणि बुधरामला नामदेवच्या शेजारी उभे केले.

"आता पाच दिवस तुम्ही दोघे हात सोडायचा नाही," मी म्हणालो.

"सर, लगन लावून राहिले का आमचं?" नामदेव म्हणाला. मग बुधरामचा पंजा हातात घेऊन कळवळला. "याचा हात हाय का कानस? लोखंड घासाचं काम देऊन पाहा याले."

"तुह्या हातावर लोणी लागलं हाय बे," बुधराम म्हणाला. त्या दिवसातले त्याचे हे सर्वांत लांब वाक्य.

मी त्यांना मैदानात फेऱ्या मारायला लावले, हात धरून. पंजा दाबला की दोघांनी एकदम उडी घ्यायची. मंगळवारपर्यंत दोघे अडखळत होते. बुधवारी एकदम जमले. त्याच दिवशी बुधराम स्वतःहून माझ्याकडे आला.

"सर, एक सांगू? रेडर डावीकडून फिरला का आपला इन एक पाऊल पुढं जाते. मंग कोपरा आन् इनमंधी जागा पडते. प्रकाशभाऊ सोमवारपासून तिथूनच निसटते."

"तुला कसे ठाऊक?"

"दोन वर्षं तुमची साखळी समोरूनच पाह्यली ना."

मी तपासले. त्याचे बरोबर होते. ती जागा मला कधी दिसली नव्हती, कारण मी बाजूला उभा राहून शिट्टी वाजवत असे. नामदेवने पाऊल मागे ठेवायला सुरुवात केली आणि त्या संध्याकाळी प्रकाश पाच वेळा पकडला गेला. तो चिडला, मग हसला. "सर, हे आधी बतावलं असतं तर गोंदियावाले मागच्या साली गेले असते."

पण एक बुधराम पुरणार नव्हता. दुसरा राखीव धरणारा अजून तापातच होता. मधुकर नावाचा एक राखीव रेडर होता, शिंप्याचा मुलगा. त्याला मी इनला उभे केले. तो रुसला.

"सर, मी रेडर हाय. मले धराले काहून लावता?"

"तीन राखीव रेडर आहेत. तू तिसरा. तुझी पाळी कधी येईल?"

त्याने हिशेब केला असावा. दुसऱ्या दिवशी वेळेआधी आला.

गोंदियाची शेवटची मॅच यजमान कॉलेजाशी होती. पूर्वार्धात प्रकाशचे काही चालले नाही. त्यांनी त्याचा चांगला अभ्यास केला होता. चार वेळा पकडला गेला. त्यांच्या बाजूने कोणीतरी ओरडत होते, "उजवा कोपरा नवा हाय, तिकडून मारा." आम्ही सहा गुणांनी मागे होतो. मध्यंतरात प्रकाश माझ्याजवळ आला.

"सर, आज मेरा कुछ चल नहीं रहा."

"मग जास्त वेळ काढ, पण पकडला जाऊ नकोस. बाकीचे हे करतील," मी म्हणालो. मला खात्री होती. पाच दिवस मी साखळीच बघत होतो.

उत्तरार्धात त्यांचा रेडर सांगितल्याप्रमाणे उजव्या कोपऱ्यावर आला. बुधरामने त्याला येऊ दिले. पाय टेकला, पंजा दाबला गेला, आणि दोघे एकदम त्याच्यावर गेले. असे तीनदा झाले. चौथ्यांदा पकड झाली, पण नामदेवचा गुडघा मुरगळला. त्याला उचलून बाहेर आणावे लागले. आधीच्या कोणत्याही वर्षी मॅच तिथेच संपली असती. पंचांची परवानगी घेऊन मी मधुकरला आत पाठवले.

बाहेर बसलेला नामदेव त्याला ओरडून म्हणाला, "हात कडक हाय तेचा, घाबरू नोको."

मधुकरने बुधरामचा हात धरला. पुढच्या दोन चढायांत त्याची पावले जरा डळमळली, पण जागा पडली नाही. मधल्या आमच्या चढायांतही गुण मिळत गेले, आणि शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. चढाई त्यांची होती. रेडर डावीकडून फिरून उजवीकडे आला. मधुकरचे पाऊल मागेच होते. रेडरला निसटायला जागा दिसेना, तो क्षणभर थांबला आणि बुधरामने घोटा धरला. मधुकर वेळेवर पोचला. दोन गुणांनी आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत प्रकाशचा 'चमकदार खेळ' होता. तो पेपर घेऊन प्रकाश स्वतः मैदानावर आला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सर्वांत जास्त तोच हसत होता.

प्राचार्यांनी मला बोलावले.

"जिंकलात. आता सायकली कुठे ठेवू?"

"वाचनालयामागे जागा आहे, सर. मी रोज बघतो."

तिथेच पत्रे ठोकले गेले. नागपूरला आम्ही पहिल्याच मॅचमध्ये हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

चुरणा आटोपून तुळशीराम परतला तेव्हा उजवा कोपरा भरलेला होता. मी त्याला समोरच्या बाजूला उभे केले. त्याचे कान लाल झाले. दोन दिवसांनी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, इकडून वेगळंच दिसते. डाव्या कोपऱ्यातबी तेवढीच जागा पडते." मग त्याला मी डावा कोपरा दिला.

पुढे निवृत्तीपर्यंत मी सराव असाच घेतला. दर आठवड्याला पहिल्या सातांतले दोघे समोर आणि समोरचे दोघे साखळीत. मुले कुरकुरत. मी कारण सांगत नसे, शिट्टी वाजवत असे. रेडर कॉलेजात दर वर्षी आपोआप येतात. कोपरे मात्र धान कापणीला येण्याआधी तयार ठेवावे लागतात, आणि दोन कोपऱ्यांसाठी चार माणसे लागतात.