बन्सीधरांचा नियम

आमच्या शाळेचे कारकून बन्सीधर. माणूस भला, पण अर्धं परभणी त्यांच्या टेबलावर वाकलेलं असायचं. कुणाला सोयरीक जमवायची असली की आलाच पोरीची जन्मतारीख बघायला. बन्सीधर दाखल-खारीज रजिस्टर उघडून द्यायचे, वर चहा पाजायचे. मी तिथलाच मास्तर, कितीदा डोकं फोडलं. "अहो, लेकरांची जात, बापाचं काम, सगळं लिहिलेलं हाय त्यात. चावडी हाय का ही?"

ते हसायचे. "त्यात लपवायचं काय, मास्तर?"

अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत चतुराबाईचं गावाकडचं घर गेलं. विद्यापीठाच्या नामांतराचा राग गरिबाच्या छपरावर काढला मेल्यांनी! लेकीला, कुसुमला घेऊन ती परभणीत आली, दवाखान्यात आया म्हणून लागली. बौद्ध म्हटलं की खोली मिळंना, म्हणून जात न सांगता माणिकरावांकडं भाड्यानं राहिली. खरी जात होती ती फक्त रजिस्टरात. कुसुम दहावीला. परीक्षा दोन महिन्यांवर आली तेव्हा चतुराबाईनं बन्सीधरांपुढं हात जोडले. "साहेब, परीक्षेपोतर कुणाला कळू देऊ नका."

दोनच दिवसांनी, कसलासा संशय घेऊन, माणिकराव शाळेत हजर. "बन्सीधर, जरा त्या कुसुमचं पान दाखवा."

बन्सीधरांनी रजिस्टरवर दोन्ही हात ठेवले. "न्हाई दाखवता येत. नियम हाय."

मी मनात म्हटलं, शाब्बास! पण माणिकराव हसले. "नियम? मागच्या हप्त्यात माझ्या पुतण्यासाठी तीन पोरींची पानं दाखवली तुमी. तवा कुठं गेलता नियम? बस्स, समजलं मला."

संध्याकाळी चतुराबाईचं सामान रस्त्यावर होतं.

माणिकरावांचा संताप आलाच, पण त्याहून जास्त आला बन्सीधरांचा. जन्मभर सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आन एकदाच झाकलं! लोकांना कळणार न्हाई तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी कुसुम शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मायलेकी जिंतूरला मावशीकडं निघाल्या होत्या.

"परीक्षा तरी दे गं," बन्सीधर म्हणाले.

"कुठं राहून देऊ?" ती म्हणाली. "आईनं हात जोडले होते, साहेब. का सांगितलं तुमी?"

"मी न्हाई सांगितलं, पोरी. शपथ."

"मग त्यांना कसं कळलं?"

बन्सीधरांनी दाखला लिहायला घेतला. जातीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. पण तो मोकळा सोडता येत नव्हता. नियमच होता तसा.