मेन बंद करून पाहिलं का?

सोनटक्के काकाजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं: "बेटा, तुमच्या गच्चीवर मला एक दिवस बसू द्याल का?" जबलपूरच्या कांचघर भागातल्या त्या घरात येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. खोकीसुद्धा सोडली नव्हती. दारात एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे, एका हातात चटई, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि खिशात फूटपट्टी. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "मी बाजूचा. तुमच्या टाकीची सावली माझ्या गच्चीवर पडते. किती वाजता कुठवर येते ते पाहायचं आहे. सोलर लावून राहिलो ना."

आमचं घर दुमजली, त्यांचं एकमजली. आमच्या कठड्याशी बसलं की त्यांची सगळी गच्ची नजरेखाली येत असे. सकाळी सातला बसलेले काकाजी संध्याकाळी साडेपाचला उठले. दर तासाला वहीत गच्चीचा चौकोन काढायचे आणि त्यात सावली तिरप्या रेघांनी भरायची. मी दोनदा चहा नेऊन दिला. निघताना म्हणाले, "डिसेंबरात सावली लांब होते. तेव्हा परत येईन." मला वाटलं, हे आपलं बोलायचं म्हणून. डिसेंबरात ते खरंच आले. तीच चटई, वही तेवढी नवी.

काकाजींची सगळी नोकरी फॅक्टरीत, इन्स्पेक्शनमध्ये गेली. तयार झालेला प्रत्येक भाग मापून पाहायचा आणि बरोबर असेल तरच त्यावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नव्हती. भाजीवाल्याकडची भेंडीसुद्धा ते एकेक करून घेत. त्यांचं नेहमीचं म्हणणं असे, "पहिले रिजेक्ट करून पाहायचं. नाहीच झालं रिजेक्ट, मग पास." अशा माणसाच्या मागे भाजीसाठी उभं राहणं म्हणजे शिक्षाच. मी एकदोनदा बाजारात त्यांना पाहून दुसरी गल्ली धरली आहे.

सोलरचा हा खटाटोप विजेचं बिल वाचवायला नव्हता. तो काकूंसाठी होता. काकूंची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरत असे आणि त्याची नळी नाकाला लावून काकू घरभर फिरत, म्हणजे नळी पोचेल तिथवर. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी ती बरोबर संपे. लाइट गेली की जुना इन्व्हर्टर तासभर रेटायचा, मग छोटा सिलिंडर. जबलपूरचा उन्हाळा, त्यात वळवाच्या आंध्या. लाइट केव्हा जाईल आणि किती वेळ जाईल याचा काही नेम नसे. काकाजींना एवढंच हवं होतं, की निदान दिवसा तरी हिचं मशीन कुणाच्या भरवशावर असू नये.

मग सुरू झाली तपासणी. शहरातले सगळे सोलरवाले त्यांनी पालथे घातले. दुकानात चकचकीत पॅनल पुढे केलं की म्हणत, "नवं तर सगळंच चांगलं दिसते. पाच वर्षं ऊन खाल्लेलं दाखवा." दुकानदार हसण्यावारी नेई. मग काकाजी स्वतःच अशी घरं हुडकत. एका ओळखीच्या घरावर जुनं पॅनल आहे कळलं, तर बसने सिहोऱ्याला गेले. गेल्यावर घरच्या कर्त्या पुरुषाशी दोन शब्द बोलून थेट बाईंना विचारलं. परत आल्यावर मला म्हणाले, "पुरुष माणूस किती वीज बनली ते सांगते. काय बंद पडलं ते बाईच सांगते." पॅनल तापलं की कमी वीज देतं, म्हणून त्यांनी मे महिन्यात तीन वेगवेगळ्या गच्च्यांवर थर्मामीटर लावून पाहिला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठा तक्ता केला होता. त्यात पॅनलची जात, हमी, काचेची जाडी, बसवणाऱ्याचा स्वभाव असे रकाने होते. स्वभावाच्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, 'फोन उचलतो, पण ऐकत नाही.'

काकू त्यांची मस्त फिरकी घेत. बोलताना दम लागे, म्हणून एकेक वाक्य तोडून तोडून म्हणत, "मला पाहायला... चार वेळा आले होते हे. पाचव्यांदा आले असते ना... मीच रिजेक्ट केलं असतं." काकाजी तक्त्यातून मान वर न करता म्हणायचे, "चौथ्यांदा मी तुझ्या हातचा चहा प्यायला आलो होतो. पास तर पहिल्याच दिवशी केलं होतं." हे भांडण मी इतक्यांदा ऐकलं, की पुढचं वाक्य मला पाठ झालं होतं, आणि तरी ते ऐकायला मी शाळेत शिकवून आल्यावर पाच मिनिटं त्यांच्याकडे डोकावत असे. माझी आई मी लहान असताना गेली. सासर दूर. त्या दोघांनी मला मुलीसारखं धरलं होतं हे सांगायला आज जीभ अडखळते, पण ते खरं आहे.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्यात एप्रिल सरता सरता एका दुपारी लाइट गेली. काकाजी बाहेर होते, मी काकूंपाशी. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली, वीस मिनिटांतच तिनं मान टाकली. मी सिलिंडर जोडेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट असं धरलं की नखांचे वळ उठले. लाइट आल्यावर बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "वसुधा, तू सांग ना यांना आता. तू फिजिक्स शिकवतेस. तुझं ऐकतील. मला भेव वाटते गं."

त्याच संध्याकाळी मी काकाजींसमोर तक्ता पसरून बसले. रिजेक्ट होत होत दोनच नावं उरली होती. एकात बॅटरी होती, पण ती बाहेरून मागवायची, दीड-दोन महिने लागणार. दुसरं बॅटरीशिवायचं, आठवड्यात बसवून मिळणार. पॅनल दोन्हींत उत्तमच. काकाजींचा एकच प्रश्न राहिला होता. "भर दुपारी लाइट गेली, तर हे दुसरं चालेल का? दुकानाचा माणूस म्हणते, अंकल, धूप है तो बिजली है. पण मला डोळ्यानं पाहायचं आहे. सिहोऱ्याला तसंच बसवलेलं घर आहे. रविवारी जाऊन त्यांचं मेन बंद करून पाहतो. नंतर ठरवू."

रविवारला पाच दिवस होते. माझ्या मनगटावर वळ ताजे होते आणि मला त्यांचा राग आला होता. मी म्हटलं, "काकाजी, सूर्य काय वीजमंडळाला विचारून उगवतो का? पॅनलवर ऊन पडलं की वीज होणारच. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. मेन बंद करून काय पाहायचं त्यात? काकूंकडे पाहा जरा. दोन वर्षं झाली तुम्ही नुसतं तपासून राहिले."

काकाजींनी मग कॅलेंडरची गुंडाळी केली, रबरबँड चढवला आणि म्हणाले, "चलो. तू म्हणतेस तर पास."

आठव्या दिवशी गच्चीवर पॅनल चढले. भिंतीवर सोलरच्या नव्या डब्याला जागा हवी होती, म्हणून जुना इन्व्हर्टर उतरवला. काकाजी म्हणाले, तो आतल्या खोलीत लावू. मी म्हटलं, त्या मेलेल्या बॅटरीचं काय लोणचं घालायचंय? बसवायला आलेले लोक तो घेऊन गेले. काकूंनी खिडकीतून वर पाहिलं. पॅनल काही तिथून दिसत नव्हते, तरी म्हणाल्या, "छान दिसते." त्या आठवड्यात एकदा लाइट गेली ती उन्हं उतरल्यावर. पॅनलकडून तेव्हा कुणाची अपेक्षाच नव्हती. सिलिंडर अर्धाअधिक त्यात संपला आणि भरायला द्यायचा राहून गेला. दिवसाची काळजी मिटली असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

मेमध्ये एका सकाळी दहाच्या सुमाराला आंधी आली. कोपऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली. अर्ध्या तासात आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं, कडक ऊन पडलं. काकूंचं मशीन बंदच. मी धावत गेले तेव्हा काकूंना उरलेला सिलिंडर लावून काकाजी भिंतीवरच्या डब्यासमोर उभे होते. डब्यावर बारीक लाल दिवा लागला होता. त्यांनी बटणं दाबून पाहिली, गच्चीवर जाऊन पॅनलला हात लावला, चटका बसला म्हणून झटकत खाली आले. दुकानाच्या माणसाला फोन लावला. त्याचं ऐकून घेतलं आणि फोन तसाच हातात धरून मला म्हणाले, "वसुधा, हे म्हणून राहिले की लाइन आल्यावरच चालू होईल. असंच असते म्हणे."

असंच असतं. लाइन गेली की बॅटरीशिवायचं सोलर आपणहून बंद पडतं, कारण त्याची वीज तारांत शिरली तर खांबावर चढलेला माणूस मरेल. ऊन कितीही असो. मला ते ठाऊक नव्हतं. मी पुस्तकातला सूर्य शिकवत होते. त्यांनी मेन बंद करून पाहिलं असतं, तर एका मिनिटात कळलं असतं.

सिलिंडर पाऊण तास पुरला. अँब्युलन्स पडलेल्या झाडामुळे लांबून फिरून आली. स्ट्रेचरवर घेताना काकू मला म्हणाल्या, "कुकर... उतरवायचा आहे." दवाखान्यात त्या तीन दिवस होत्या, पण बोलणं तेवढंच शेवटचं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत फारसं काही उरलं नव्हतं, कधीही होऊ शकलं असतं. ते वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल, सांगता येणार नाही. त्यानं काही भागत नाही.

तेरवी झाल्यावर एकदा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "काकाजी, माझ्यामुळे झालं." ते काकूंच्या नळीची गुंडाळी करत होते. हात थांबला नाही. "फॅक्टरीत दहा लोक सांगायचे, साहेब, बरोबर आहे, पास करा. पीस फेल झाला, तर सांगणाऱ्याला कोणी विचारत नसे बेटा. शिक्का ज्याचा, पीस त्याचा." एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, जेवून आलीस का.

नंतरचे आठ महिने ते जगले. ज्या घरावर सोलरचे लोखंडी सांगाडे चढताना दिसत, त्या घरी जाऊन विचारत, "मेन बंद करून पाहिलं का?" कधी कुणी पाणी विचारी, कधी दारातूनच वाटेला लावी. मोहल्ल्यातले लोक मागून हसत. एका दुकानदाराशी मात्र ते इतके दिवस भांडले, की तो आता गिऱ्हाइकाला आधीच ही गोष्ट सांगून टाकतो. घरी मात्र ते अगदी गप्प झाले. नागपूरला असलेल्या अनघाचा, त्यांच्या मुलीचा, दर रविवारी फोन येत असे. तो येईनासा झाला. मी विचारलं तर म्हणाले, "कामात आहे ती." रविवारी सकाळी ते फोन समोर ठेवून बसलेले असत. मला वाटलं, नोकरी करणारी मुलगी, खरंच कामात असेल.

जानेवारीत एका सकाळी दूधवाल्यानं हाक मारली आणि दार उघडलं नाही. झोपेतच गेले होते.

अनघा आली. सगळं आटोपल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "ताई, मी आठ महिने बाबांशी धड बोलले नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं, की वसुधा म्हणत होती थांबा, मेन बंद करून पाहा, मीच कंटाळलो आणि घाई केली. मला इतका राग आला ना. मी म्हटलं, जन्मभर भेंडी तपासली आणि आईच्या वेळेस कंटाळा आला तुम्हाला? मग फोनच नाही केला. तुम्ही तर सांगितलं होतं हो त्यांना. ऐकायला पाहिजे होतं त्यांनी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गॅसवर चहा उतू गेला. तो पुसला, नवा टाकला, तिला दिला. ती पुन्हा नागपूरला गेली. आता दर रविवारी मला तिचा फोन येतो, आणि दर रविवारी मी ठरवते की आज सांगायचं.

अनघा, थांबा म्हणणारे तुझे बाबा होते. घाई मी केली.