पहिल्या पंगतीचा राग

मधू काल गेला.

माझ्या नातीच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या वडिलांना जेवणासाठी ताटकळत ठेवणारा केटरर तो हाच.

शाळेपासूनचा माझा मित्र. परळला आम्ही एका बाकावर बसायचो. मी डोळे मिटून कविता म्हणायचो आणि हा बाकाखालून माझा पाय ओढायचा. पुढे मी बँकेत चिकटलो, त्याने लग्नकार्याची जेवणं घ्यायला सुरुवात केली.

भेटला की म्हणायचा, "कवी, तुझ्या कवितेत पानं सळसळतात. माझ्या पानांवर भात पडतो. फरक एवढाच."

ऋचाचं, म्हणजे माझ्या नातीचं, लग्न ठरलं तेव्हा ती आमच्याआधी त्याच्याकडे गेली. "मधूआजोबा, मला कचरा न करणारं लग्न हवंय."

मैत्रिणींच्या लग्नांत हॉलच्या मागे पडलेले थर्माकोलचे खांब तिने पाहिले होते. अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या. उष्ट्याचे ढीग.

मधू खूश झाला. "अगं, आमच्या वेळची सगळी लग्नं अशीच असायची. त्याला इव्हेंट म्हणायला लागले आणि कचरा वाढला."

मग दोघांनी बसून सगळं ठरवलं. केळीची पानं. पाण्याला पितळी पिंप आणि स्टीलचे पेले. मांडवाला झेंडू आणि आंब्याचे टाळे, नंतर ते आणि उष्टी पानं खताला. आग्रह बंद, ज्याला हवं त्याने मागून घ्यावं.

मी म्हटलं, "आग्रह नाही तर लग्न कसलं रे?"

"मेल्या, तुझ्या लग्नात तुला आग्रह करून जिलबी खायला घातली होती. रात्रभर कुठे बसला होतास, सांगू सगळ्यांना?"

मी आग्रहाचा विषय सोडला.

लग्नाचा दिवस. दादरचा हॉल. कढत वरण पानावर पडलं की एक हिरवा वास येतो, तो जिन्यापर्यंत येत होता. मला आमच्या चाळीच्या गच्चीवरची लग्नं आठवत होती. मी आपला माझ्याच तंद्रीत.

अक्षता पडल्या. वरपक्ष जेवायला खाली उतरला.

आणि पहिली पंगत भरलेली.

भांडी घासणाऱ्या बायका. झाडूवाले. मांडवाची माणसं. सनईवाला. आणि मधू स्वतः बासुंदी वाढतोय.

नवऱ्यामुलाचे वडील प्रभाकरराव दारातच थांबले. "हे काय चाललंय? मुलाकडची पंगत आधी बसते, एवढंही माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे साहेब. पण ही माणसं पहाटेपासून राबतायत. थोडा वेळ द्या."

"भांडीवाल्या आमच्या आधी जेवणार?"

"हो. माझ्या कामाची ती अट आहे. मुलीकडच्यांवर रागावू नका, त्यांना यातलं काही ठाऊक नाही."

प्रभाकररावांची बहीण म्हणाली, "चला दादा. बाहेर कुठेतरी जेवू."

दोघं-तिघं चपला शोधायला लागले.

संध्याकाळी ऋचा त्या घरचं माप ओलांडणार होती. आमच्याकडे वरपक्ष न जेवता उठला, की ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं.

मी मधूला कोपऱ्यात ओढलं. "आजच्या दिवस तुझी अट ठेव ना बाजूला. पोरीचं आयुष्य आहे रे."

तो चिडला की मालवणीवर यायचा. "तू गप रव. माका बघूंदे."

आणि बासुंदीचा डाव हातात तसाच घेऊन प्रभाकररावांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, शिव्या मला घाला, हव्या तेवढ्या. पण पोरीच्या लग्नात उपाशी जाऊ नका. आणि बाहेर अशी बासुंदी मिळायची नाही, ते वेगळंच."

कोणीतरी फिसकन हसलं. चपला शोधणारे थांबले.

सगळे जेवले. तोंडं फुगवून, पण जेवले. प्रभाकररावांनी बासुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली, वर न बघता.

राग मात्र गेला नाही. पणतीच्या बारशाला मला त्यांचा फोन आला, "जेवण कोणालाही सांगा, तुमच्या त्या मित्राला नको." मी मधूला सांगितलं तर म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." बस्स, एवढंच.

त्यानंतर त्याच्या प्रत्येक कार्यात काम करणाऱ्यांची पंगत आधी बसायची. काही लग्नं त्यामुळे हातची गेली. मला वाटायचं, म्हातारपणी हट्ट वाढतो माणसाचा.

आज सकाळी परळला त्याच्या घरी गेलो. ऋचा आली होती. तिच्याबरोबर प्रभाकररावही आले होते. मला अपेक्षा नव्हती.

मग प्रभाकरराव म्हणाले, "माणूस चांगला होता. अट तेवढी विचित्र घालायचा."

ऋचा सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ती अट माझी होती."

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो.

"एका मैत्रिणीच्या लग्नात भांडीवाल्या मावशी मोरीपाशी उभ्याने उरलंसुरलं खात होत्या. म्हणून मीच मधूआजोबांना सांगितलं होतं, काम करणारी माणसं आधी जेवतील. त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला निघाले होते. त्यांनी मला जिन्यात अडवलं. म्हणाले, आज सून हो, पुढारी उद्या हो. नंतर कितीदा विचारलं, आता सांगू का? म्हणायचे, राहू दे गं, माझी पाठ रुंद आहे."

प्रभाकरराव खाली बघत होते. डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना.

मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तेव्हा नाही सांगितलंस ते बरं झालं, बाळा. मी तुला माफ केलं नसतं."

मधू, मला तरी सांगायचंस रे.

सावकाश जा.

तुला मनापासून नमस्कार.